नोकरी, लोकल, घर आणि ४२.१९५ किलोमीटर: पहिल्या मॅरेथॉनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टच्या सुमारास मुंबई मॅरेथॉनची नोंदणी सुरू झाली की पाठोपाठ हे प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक तिशी ते पन्नाशीतले, नोकरीधंद्यात अडकलेले आणि शाळा सुटल्यापासून मैदानाकडे न फिरकलेले. ही उत्तरं त्यांच्यासाठी आहेत. साडेतीन तासांत फुल मारणाऱ्यांना इथे नवीन काही सापडणार नाही. उदाहरणं मुंबईची आहेत, पण हिशेब पुणे, नागपूर, कोल्हापूर कुठेही तोच.

मी सध्या अजिबात धावत नाही. येत्या जानेवारीत फुल मॅरेथॉन जमेल का?

माझं उत्तर: नाही. त्याच्या पुढच्या जानेवारीत नक्की जमेल.

धाप लवकर कमी होते. दोन-तीन महिन्यांत हृदय आणि फुप्फुसं जुळवून घेतात आणि माणसाला वाटतं, आता काय, सुटलो. हाडं, स्नायुबंध, पोटरीपासून टाचेपर्यंतची जाड शीर यांना मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागतो. नवशिक्यांच्या दुखापती बहुतेक याच फटीत होतात, म्हणजे दम आहे पण पाय अजून तयार नाहीत अशा काळात.

म्हणून आधी दहा किलोमीटर, मग हाफ, म्हणजे २१.१ किलोमीटर, आणि त्यानंतर फुल. १८ आठवड्यांचा फुलचा सराव सुरू करायच्या दिवशी तुम्हाला दहा किलोमीटर न थांबता, फारसं न दमता धावता आलं पाहिजे आणि आठवड्याला २०-२५ किलोमीटर दोन-तीन महिने झालेले असले पाहिजेत. शिवाय मुंबईची फुल धावायला आधीच्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे मधली पायरी तशीही चुकत नाही. ती हाफ पुण्यात, वसई-विरारमध्ये कुठेही करा. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली हाफ देखणी आहे, पण पहिलीच हाफ तिथे करू नका. चढ जीव काढतो आणि उतार गुडघे.

डॉक्टरांना दाखवायला हवं का? मला काहीच त्रास नाही.

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, सिगारेट ओढत असाल किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर आधी दाखवा. ईसीजी, गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट, साखर, हिमोग्लोबिन. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. आणि सरावात कधीही छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर तिथेच थांबायचं. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढे धावायचं नाही.

नऊ तास ऑफिस, तीन तास लोकल. आठवड्यातून किती दिवस धावायचं?

तीन दिवस. चौथा मिळाला तर उत्तम, पण बेत तीनवरच आखा.

इंटरनेटवरचे तक्ते पाच-सहा दिवसांचे असतात. ते डोंबिवलीहून ७.४२ ची फास्ट पकडणाऱ्या माणसाकडे बघून केलेले नसतात. तो तक्ता भिंतीवर लावायचा, पहिल्याच आठवड्यात दोन दिवस बुडवायचे आणि मग मनाला लावून घेऊन सगळंच सोडून द्यायचं, हे दरवर्षी होतं. तीन दिवसांचा बेत १८ आठवडे टिकला की पहिली मॅरेथॉन पार पडते.

मंगळवारी ४० मिनिटं सावकाश. गुरुवारी ५० ते ६० मिनिटं, त्यातली मधली वीसेक मिनिटं जरा जोरात, किंवा एखाद्या फ्लायओव्हरवर चढ-उतार. मुंबईत फ्लायओव्हर हीच टेकडी. ठाण्यात येऊर आहे, पुण्यात तर तळजाईपासून वेताळ टेकडीपर्यंत चंगळच. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं. याखेरीज दोन दिवस घरीच वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम: बैठका, लंजेस, प्लँक आणि जिन्याच्या पायरीवर टाचा खाली सोडून चवड्यांवर वर-खाली. हे वीस मिनिटांचं काम सगळ्यात आधी गळतं आणि डिसेंबरमध्ये दुखायला लागल्यावर आठवतं.

वेळ कुठला? पहाटेचा. संध्याकाळी बॉसचा फोन येतो, लोकल उशिरा येते, पाहुणे येतात. पहाटे पाच वाजता कोणीच येत नाही. पण पाचला उठायचं तर दहाला झोपायला हवं. रात्री साडेबारापर्यंत मोबाइल बघून पाचला उठून धावण्यापेक्षा त्या दिवशी झोपून राहिलेलं बरं. शिफ्ट ड्युटी असेल तर रात्रपाळीनंतर लगेच धावू नका, आधी झोप. जिथे जमेल तिथे ऑफिसच्या शॉवरचा शोध घ्या. काही जण बॅग पाठीला लावून ऑफिसपासून पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत धावतात आणि तिथून गाडी पकडतात. डब्यातल्या लोकांची माफी मागायची तयारी ठेवा.

रविवारचं अंतर कसं वाढवत न्यायचं?

शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून १८ आठवडे मागे गेलं की साधारण सप्टेंबरचा मध्य येतो. रविवारचे आकडे, किलोमीटरमध्ये, असे: १४, १६, १८, १३, १८, २०, २२, १६, २४, २६, १८, २८, २१, २४, ३०, २०, १२ आणि मग शर्यत.

मध्येच आकडा खाली येतो ते मुद्दाम. त्या हलक्या आठवड्यात शरीर डागडुजी करतं. तेराव्या आठवड्यातले २१ किलोमीटर डिसेंबरच्या मध्याला येतात, तेव्हा वसई-विरारसारखी एखादी हाफ असते. तिथे शर्यतीचे कपडे, शर्यतीचं खाणं, सगळी रंगीत तालीम करून घ्या. सगळ्यात मोठा ३० चा रन डिसेंबरच्या अखेरीस येतो, म्हणजे थर्टीफर्स्टच्या पार्ट्यांच्या अलीकडे. काय ते आधीच ठरवून ठेवा.

एक पथ्य: लाँग रन चार तासांच्या वर नेऊ नका. तुमच्या वेगाने चार तासांत २७ च होत असतील तर २७ वर थांबा. त्यापुढे फायदा थोडा आणि पायांचे हाल फार.

बाकीचे १२ किलोमीटर कुठून येणार? सरावात ४२ धावून बघू नये का?

नको. एकदा ४२ धावलं की शरीर सावरायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे सरावच मोडतो. शर्यतीच्या दिवशी तुम्ही तीन आठवडे सराव हलका करून ताजे झालेले, पोटभर खाल्लेले आणि आजूबाजूला हजारो माणसं असलेले असता. त्या जोरावर ३० पर्यंत नीट पोचता येतं. पुढचे बारा कठीण असतात, ते सगळ्यांनाच.

किती वेगात धावायचं? माझे शेजारी मला मागे टाकून चालत पुढे जातात.

जाऊ द्या. सरावातलं चार पंचमांश धावणं इतकं हळू हवं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मनाचे श्लोक म्हणून बघा. दोन ओळींत श्वास तुटला तर वेग जास्त आहे. सांगायला सोपं, पण घड्याळ आणि ॲप वापरणाऱ्यांना हे पाळणं फार जड जातं. मंगळवारचा ‘सावकाश’ रन चार लोकांनी बघावा म्हणून जोरात होतो, गुरुवारी पाय जड, रविवारी पोटरी धरते.

शर्यतीचा हिशेब असा: किलोमीटरला ७ मिनिटं हा वेग शेवटपर्यंत टिकला तर ४ तास ५५ मिनिटं. ८ मिनिटं टिकला तर ५ तास ३८ मिनिटं. सहा तासांत संपवायला किलोमीटरला ८ मिनिटं ३१ सेकंद पुरतात. पहिल्या फुलला ‘सब-फोर’चं, म्हणजे चार तासांच्या आत संपवायचं, भूत डोक्यात घेऊ नका. ठरवायचीच तर वेळेची एक सैल खिडकी ठरवा, पाच ते सहा तासांसारखी.

मध्ये चाललं तर चालतं का?

चालतं. ठरवून चाललं तर फारच चांगलं. अमेरिकेचे १९७२ चे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी धाव-चाल पद्धत लोकप्रिय केली: सुरुवातीपासूनच, दमण्याआधी, ठरावीक अंतराने थोडं चालायचं. चार मिनिटं धाव आणि एक मिनिट चाल, किंवा तुम्हाला झेपेल ते. पाणी घेताना चाललं की पाणी अंगावर न सांडता पोटात जातं, हा आणखी एक फायदा. पंचविसाव्या किलोमीटरला नाइलाजाने चालू लागणं वेगळं. त्यानंतर पुन्हा धावायला पाय सहसा तयार होत नाहीत.

गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नसराई. सराव नेमका त्याच महिन्यांत. काय करायचं?

कॅलेंडर भिंतीवरून काढून समोर घ्या आणि सणाच्या आठवड्यांवर आधी खुणा करा. दिवाळी ज्या आठवड्यात येते तो हलका आठवडा करा, वरचे आकडे पुढे-मागे सरकवा. रविवारी हळद किंवा बारसं असेल तर लाँग रन शनिवारी. एक लाँग रन पूर्ण बुडाला तर तो सोडून द्या. बुडालेलं भरून काढायला एका आठवड्यात दोन लाँग रन करू नका. १८ पैकी दोन-तीन रविवार हुकले म्हणून मॅरेथॉन हुकत नाही. मी तर म्हणेन, भाऊबीजेच्या सकाळी धावायला गेल्याने जे घरात ऐकून घ्यावं लागतं त्यापेक्षा तो रन बुडालेला परवडतो.

आजारपणाचं मात्र वेगळं. पावसाळा सरताना व्हायरल आणि डेंग्यूचे दिवस असतात. नुसतं नाक गळत असेल तर हलकं धावायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर बंद. ताप उतरल्यावरही काही दिवस नुसतं चाला, आणि डेंग्यू झाला असेल तर पुन्हा कधी सुरू करायचं हे डॉक्टरांना विचारा.

नवरात्रात नऊ दिवस उपवास असतो, मार्गशीर्षात गुरुवार. तरी धावू का?

फराळाचा उपवास असेल तर हलके रन होतात. साबुदाणा, रताळं, राजगिरा, केळी यांत पिष्टमय पदार्थ भरपूर आहेत; कमी पडतात ती प्रथिनं, तेवढी दूध-दही-शेंगदाण्यांतून वाढवा. निर्जळी किंवा एकवेळचा उपवास असेल त्या दिवशी धावू नका. मार्गशीर्षातल्या गुरुवारवाल्यांनी गुरुवारचा रन बुधवारी न्यावा.

घरचे वैतागलेत. ‘रविवार एक मिळतो, तोही तू पळतोस’ असं म्हणतात.

बरोबरच म्हणतात. अठरा रविवार सकाळी तीन-चार तास तुम्ही घरात नसणार, आल्यावर आंघोळ करून घोरत पडणार आणि दुपारी ‘पाय दुखतात’ म्हणून भाजी आणायला नकार देणार. हे सगळं घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतं. नोंदणीचे पैसे भरायच्या आधी बायकोशी किंवा नवऱ्याशी, आई-वडिलांशी, सासूबाईंशी बोला. कोणत्या महिन्यात किती तास जाणार ते सांगा.

मग देवाणघेवाण. रविवारी नऊच्या आत घरी, नाश्ता तुम्ही आणायचा, दुपारची झोप एका तासावर नाही, आणि शनिवारची सकाळ पूर्णपणे समोरच्याची. बायका धावतात तेव्हा हा हिशेब आणखी कडक होतो, कारण पुरुष धावायला गेला तर चहा घरात कोणीतरी करतंच; बाई गेली तर ती परत आल्यावर चहा तिच्याच वाट्याला येतो. तीस किलोमीटर धावून आलेल्या माणसाला, मग तो कोणीही असो, गॅससमोर उभं करू नका. हे घरातल्यांसाठी लिहिलंय, त्यांना दाखवा.

बूट किती महाग घ्यावेत?

धावण्यासाठीचे, पायाला नीट बसणारे, इतकंच. कार्बन प्लेटचे बूट पहिल्या फुलला लागत नाहीत. संध्याकाळी दुकानात जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. धावायचे मोजे घालूनच बघा. अंगठ्यापुढे बोटभर रुंदीची जागा हवी, म्हणजे बहुधा नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा.

एक जोडी साधारण ६०० ते ८०० किलोमीटर टिकते. बूट संपल्याचं तळव्यावरून लवकर कळत नाही. बूट टेबलावर ठेवून मागून बघा: टाचेचा भाग एका बाजूला कलला असेल, बाजूच्या फोमवर आडव्या बारीक सुरकुत्या पडून त्या दाबूनही उघडत नसतील, तर तो बूट आता चालायला आणि भाजी आणायला. शर्यतीचा जोड नवाकोरा नको. त्यात एक लाँग रन आणि दोन-चार छोटे रन झालेले असावेत.

काचणं, फोड, काळी नखं?

लाँग रनच्या आधी मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, ब्राच्या शिवणीखाली आणि पायाच्या बोटांत व्हॅसलीन लावा. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावावी. वीस किलोमीटरनंतर पांढऱ्या टी-शर्टवर दोन लाल रेघा घेऊन येणारे दरवर्षी दिसतात. सुती कपडे घामाने जड होतात, ते टाळा. मंगळसूत्र आणि साखळी मानेच्या मागे घामाने अशी काचते की आंघोळीच्या वेळी डोळ्यांत पाणी येतं. काढून ठेवायचं नसेल तर आखूड घाला आणि मागे व्हॅसलीन लावा. काळं नख बहुतेक वेळा बूट लहान असल्याचं लक्षण.

पहाटे अंधारात एकटीने धावायची भीती वाटते.

भीती खोटी नाही, आणि ‘घाबरू नकोस’ हे काही उत्तर नव्हे. जवळच्या मैदानावर किंवा तलावाभोवती सकाळी कोण धावतं ते आधी दोन दिवस नुसतं जाऊन बघा. जवळपास प्रत्येक शहरात आता धावणाऱ्यांचे गट आहेत. दिवे असलेला, वर्दळीचा रस्ता निवडा, वाहनं समोरून येतील अशा बाजूने धावा, एकाच कानात इअरफोन, घरच्या एकाला लाइव्ह लोकेशन. मधल्या दिवसांचे छोटे रन सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारूनही होतात. कंटाळवाणं आहे, पण होतं.

पाळीच्या दिवसांत धावू नये असा काही नियम नाही. त्रास असेल तर वेग कमी करा किंवा दिवस बदला. सरावामुळे पाळी चुकायला लागली तर मात्र ते खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांकडे जा. आणि हिमोग्लोबिन तपासाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ‘माझा स्टॅमिनाच नाही’ म्हणणाऱ्या कित्येकींना नुसतं लोह कमी असतं.

आपल्याकडे ज्या मुलींनी हे अंतर गाजवलं त्या सुखवस्तू घरांतल्या नव्हत्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा बाजी मारली आणि मग स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळून रिओत अंतिम फेरी गाठली.

कुत्री मागे लागतात.

धावणं थांबवा, चाला. डोळ्यांत डोळे घालून बघू नका, हात हलवू नका. रोज त्याच रस्त्याने गेलात तर दोन आठवड्यांत ती ओळखायला लागतात. चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

दुखतंय. धावू की थांबू?

दोन्ही पाय सारखेच जड, स्नायू भरल्यासारखे, आणि दहा मिनिटं धावल्यावर मोकळे होतात: धावा. एकाच पायाला, एकाच जागी, धावताना वाढत जाणारं दुखणं: थांबा. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एका ठिकाणी कळ येत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता धरा आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच दुखणं, जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखणं, या नेहमीच्या तक्रारी. फिजिओथेरपिस्टकडे लवकर गेलात तर दोन-तीन आठवड्यांत आटोक्यात येतात. उशिरा गेलात तर मोसम जातो.

वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका, शर्यतीत तर नाहीच. घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

तिसाव्या किलोमीटरला ‘भिंत’ येते म्हणतात, ती काय?

साधा हिशेब आहे. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक कॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला सुमारे २,७०० कॅलरी लागतात. यकृत आणि स्नायू मिळून साठवलेली साखर असते १,५०० ते २,००० कॅलरींची. चरबी भरपूर असते, पण ती हळू जळते. वेग जास्त ठेवला आणि वाटेत काही खाल्लं नाही तर साठा तिशीच्या आसपास संपतो. पाय शिशाचे होतात, डोकं चालेनासं होतं, उगाच रडू येतं.

उपाय दोन: सुरुवात हळू, आणि भूक लागायची वाट न बघता पहिल्या तासापासून खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. जेलच्या एका पाकिटात २० ते २५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यातही जवळपास तेवढीच. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, खडीसाखर, गूळ सगळं चालतं, कोरड्या तोंडाने चावता आलं म्हणजे झालं. शेंगदाण्याची चिक्की मात्र दातांत अडकते आणि धाप लागलेली असताना ठसका लागतो. तुमचं पोट काय सोसतं हे लाँग रनमध्येच कळतं, म्हणून शर्यतीच्या दिवशी फुकट मिळालं तरी नवीन जेल तोंडात घालायचं नाही.

शेवटचे दोन-तीन दिवस भात, पोहे, बटाटा, इडली यांचं प्रमाण वाढवा आणि उसळी, कच्च्या कोशिंबिरी, तळलेलं कमी करा. संक्रांत शर्यतीच्या आठवड्याभरात येते. तिळगूळ खुशाल खा. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी मात्र शर्यत दोन दिवसांवर असेल तर बेतानं, नाहीतर पोट भलत्या वेळी साफ होतं. आदल्या रात्री आठच्या आत साधा वरण-भात किंवा दही-भात.

पाणी किती प्यायचं?

तहान लागेल तेवढं. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो कमी म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात, आणि ते धोक्याचं आहे. रक्तातलं मीठ पातळ होऊन मळमळ, गोंधळ, अगदी झटकेही येऊ शकतात. मुंबईच्या दमट हवेत नुसत्या पाण्याऐवजी मध्ये मध्ये जलसंजीवनी किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत घ्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाचला सुरुवात केली तरी वेग पडतो. तो पडू द्या. नोव्हेंबरनंतर हवा थंड पण धुरकट होते. एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक, २०० च्या वर असेल त्या दिवशी रन पुढे ढकला किंवा जिममध्ये ट्रेडमिलवर करा.

शर्यतीच्या दिवशी नेमकं काय होतं?

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, त्या दिवशी मिळत नाही. आधीच्या दिवसांत शर्यतीच्या एक्स्पोमध्ये, म्हणजे प्रदर्शनात, स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. तिथे तीन तास स्टॉल बघत फिरू नका, पाय दमतात. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी बिघडत नाही, त्याच्या आदल्या रात्रीची महत्त्वाची.

फुल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी पहाटे पाचच्या सुमारास सुटते. उपनगरांतून येणाऱ्यांसाठी त्या पहाटे रेल्वे विशेष लोकल सोडते, तिचं वेळापत्रक आठवडाभर आधी बघून ठेवा. त्या डब्यात बसणं हा एक वेगळाच अनुभव: पहाटे तीनला सगळे चकचकीत कपड्यांत, कोणी केळं सोलतंय, कोणी व्हॅसलीनची डबी पुढे करतंय. शौचालयाच्या रांगेत पाऊण तास धरा. जुना शर्ट घालून या, सुटायच्या वेळी काढून ठेवता येतो.

सुटल्यावर सगळे तुम्हाला मागे टाकतील. टाकू द्या. सूर्योदय सव्वासातच्या आसपास, म्हणजे पहिले दोन तास गार अंधार आणि मरीन ड्राइव्हचे दिवे. तिथेच लोकांचा वेग चढतो आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते. सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, तेव्हा मजा घ्या, पण तिथे टाळ्या वाजवणारं कोणी नसतं आणि वारा असतो. मार्ग अधूनमधून बदलतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा बघून पाण्याची ठिकाणं आणि चढ लक्षात ठेवा.

पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटरच्या आसपास भेटत आलाय. उंची म्हणावी तर काहीच नाही; मोटारीतून जाताना तो जाणवतही नाही. पण तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि पोटरीत गोळे येत असतात. तिथली माणसं मात्र खाली उतरून उभी असतात: ताटात सोललेल्या संत्र्यांच्या फोडी, मीठ, बिस्किटं, कोणी दुखऱ्या पायावर स्प्रे मारायला तयार, आणि बिबवरचं नाव वाचून हाका मारणारी शाळकरी पोरं. तो चढ चालत चढा, लहान पावलं टाका, संत्र्याची फोड घ्या. वर पोचलात की मरीन ड्राइव्हकडे उतार.

पूर्ण झाली नाही तर?

दर शर्यतीला वेळेची मर्यादा असते आणि मध्ये काही टप्प्यांवरही. त्यानंतर रस्ता वाहतुकीला खुला करतात आणि मागे राहिलेल्यांना बसमध्ये घेतात. मर्यादा नोंदणीच्या वेळीच वाचा. चक्कर, गोंधळ, छातीत दुखणं असेल तर जवळच्या वैद्यकीय केंद्रात स्वतः जा. वाटेत ती ठिकठिकाणी असतात. शर्यत दरवर्षी असते.

सोमवारी ऑफिसला जाता येईल का?

जाता येतं, पण रजा टाका. स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना जीव जातो. दादरच्या पुलावरून गर्दीत कठडा धरून आडवं उतरणारा माणूस दिसला तर तो रविवारी धावला होता असं समजा. शर्यत संपल्यावर लगेच बसू नका, पंधरा मिनिटं चाला, तासाभरात जेवा. पहिला आठवडा फक्त चालणं, मग वीस-तीस मिनिटं हलकं धावणं. नेहमीच्या सरावाला तीन आठवड्यांनंतर हात घाला. प्रमाणपत्र वेबसाइटवर आलं की उतरवून ठेवा, पुढच्या नोंदणीला लागतं.